शंभर व्होल्टचं गाणं

सगळा दोष अप्पांचा. अप्पा म्हणजे गुरुसिद्धप्पा. गिरणीतून रिटायर झालेले वायरमन, घरातून मात्र कधीच रिटायर न होणारे. अमृतचा दोष एवढाच, की तो त्यांच्या पोटी जन्मला (आणि दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून आला, हे अप्पा रोज जेवताना सांगतात, म्हणून इथं एकदाच).

अमृतला अव्वाचा, म्हणजे आईचा, तरुणपणीचा आवाज ऐकायचा होता. अव्वा, म्हणजेच काशम्मा, सतरा वर्षांची असताना रेडिओवर हळदीचं गाणं गायली होती, आणि तिच्या भावानं ते कॅसेटवर भरून ठेवलं होतं. सोलापुरात उरलेला प्रत्येक टेप ती कॅसेट चावायला बघायचा. मग मोबाइलवर त्याला जपानमधला एक जुना टेप दिसला. चांदीच्या रंगाचा, डायलमागं मधासारखा उजेड. दुकानात लोकांच्या फोनची काच बदलता बदलता अमृत त्या उजेडात शिरायचा. आत दोन वेण्यांची अव्वा गात असायची.

"धोंड्याचा महिना हाय. नवं काय घ्यायचं न्हाय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, जुनाच हाय की त्यो! चाळीस वर्सांचा!"

"आपल्या घरात नवाच की."

अमृत महिनाभर थांबला. रुपया थांबला नाही. टेपची किंमत डॉलरात, आणि डॉलरपुढं तो रोज थोडा वाकत गेला (अमृत अप्पांपुढं वाकतो तसाच), आणि टेप आठशे रुपयांनी महागला.

जहाजानं रमतगमत तो आला नेमका खंडेनवमीला. जपानी टेपला शंभर व्होल्टच लागतात आणि आपल्या सॉकेटात दोनशे तीस येतात, म्हणून अमृतनं आधीच एक जड, काळा ट्रान्सफॉर्मर आणून ठेवला होता. अप्पांनी तो पकड-पान्यांच्या ओळीत मांडून, हळदकुंकू वाहून, वर झेंडू ठेवला होता.

"अप्पा, त्यो लागतोय मला."

"पुजंतलं हत्यार उद्यापातुर हलवायचं न्हाय."

"मग टेप उद्या लावू," अमृत म्हणाला. कॅसेट मात्र त्यानं हौसेनं आत घालून ठेवली आणि शेजारी दगडाबाईंकडं बसलेल्या अव्वाला टेप बघायला बोलवायला गेला. वायरमनला सॉकेटजवळ एकटं सोडून.

दोघं परत येताना खिडकीतून आवाज आला. कोवळा, दवानं भिजल्यासारखा. फक्त चार शब्द. झेंडूच्या वासासकट अख्खी गल्ली जमिनीपासून वीतभर वर उचलली गेली. अमृतनं डोळे मिटले.

फट्ट!

आत धूर. सॉकेटात टेपच्या दोन सोललेल्या वायरी, काडेपेटीच्या काड्यांनी थेट खोचलेल्या; ट्रान्सफॉर्मर पूजेतच.

"तीस वर्सं वायरिंग केलंय म्या," अप्पा पुठ्ठ्यानं वारा घालत म्हणाले. "मालच हलका निगाला."

कॅसेट आतच वितळली होती.

"काय जळलं रं?" अव्वानं चपला काढत विचारलं.

"तुजं गाणं."

"कुटलं? हळदीचं व्हय?" आणि पूजेतली घरंगळलेली फुलं वेचता वेचता तिनं ते म्हटलं. सातही कडवी. आवाज जाड झाला होता, शब्द एकही गळला नव्हता.

"अव्वा, तुला अजून येतंय?"

"न यायला काय झालं? कुनी इचारलं व्हय कदी?"

अमृतनं विचारलं नव्हतं. टेप, जहाज, कस्टम आणि ट्रान्सफॉर्मर धरून त्याला सत्तावीस हजार चारशे रुपये पडले.