अंडी कुणी खाल्ली, याची चित्रकथा

एका जंगलात, मुलांनो, सिंह नव्हता. तो केव्हाच शेजारच्या अभयारण्यात निघून गेला होता, कारण तिथे त्याला बघायला जीपगाड्या येत. पण या जंगलात वाङ्मय मंडळ होतं. त्यामुळे राजाची उणीव कुणाला भासली नाही.

मंडळाचे अध्यक्ष होते आबासाहेब. आबासाहेब म्हणजे घोरपड. आता घोरपड हा शब्द 'ती घोरपड' असा चालतो, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. पण अध्यक्ष झाल्याबरोबर आबासाहेबांनी ठराव करून घेतला, की यापुढे आपल्याला 'ते' म्हणावं. ठराव एकमताने पास झाला. आपणही 'ते'च म्हणू. उगाच कशाला वाद?

मंडळाचे कार्यवाह होते बगळे सर. एका पायावर उभे राहून ते तासन्‌तास चिंतन करत. चिंतन झालं की मासा खात.

मंडळाने जंगलातल्या वाङ्मयाचे दोन भाग केले होते. गंभीर आणि हलकं. गंभीर वाङ्मय म्हणजे काय, असं एकदा एका सशाने विचारलं. बगळे सरांनी त्याला दीड तास समजावून सांगितलं. अर्ध्या तासात सशाला झोप लागली. जागा झाला तेव्हा त्याला सगळं समजलेलं होतं.

हलकं वाङ्मय म्हणजे भुताच्या गोष्टी, चोर-पोलिसांच्या गोष्टी आणि चित्रकथा. त्यातही चित्रकथा सगळ्यांत हलकी. कारण ती न शिकलेल्या रानडुकरालासुद्धा कळायची.

हे हलकं काम जंगलात एकटी सगुणा करायची. सगुणा ही साळिंदर. आपल्याच अंगावरचा गळालेला काटा ती जांभळाच्या रसात बुडवायची आणि सागाच्या पानावर चित्रं काढायची. तिच्या एका मालिकेत मुंगसे नावाचा एक हवालदार होता. त्याला काहीच कळत नसे, पण तो सगळ्यांना खूप प्रश्न विचारायचा आणि चोर कंटाळून कबूल व्हायचा. दुसऱ्या मालिकेत चिंचेवरची एक हडळ होती. तिला माणसांची भीती वाटायची.

नवं पान निघालं की ते जंगलभर फिरायचं. शेवटी परत यायचं तेव्हा त्याची फक्त शीर उरलेली असायची. हरणं वाचून झाल्यावर खाऊनही टाकत.

"तुम्ही आधी गोष्ट ठरवता की आधी चित्र?" असं तिला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मी काहीच ठरवत नाही. रेघ पुढे जाते, मी तिच्या मागून जाते. ती कुठे निघाली हे मला कळलं असतं, तर मीच कशाला गेले असते?"

हे उत्तर ऐकून बगळे सरांनी एका परिसंवादात 'वैचारिक बैठकीचा अभाव' असं म्हटलं होतं. सगुणाला ते पटलं. साळिंदराला बैठक जमवताना जरा जपूनच बसावं लागतं.

तर, मुलांनो, त्या वर्षी उन्हाळ्यात चंद्री टिटवीची अंडी चोरीला गेली.

टिटवी झाडावर घरटं करत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. ती नदीकाठी उघड्या खडीतच अंडी घालते. अंडी अगदी दगडांसारखी दिसतात. चंद्रीने चार घातली होती. पहिल्या दिवशी एक गेलं. तिसऱ्या दिवशी दुसरं गेलं. राहिलेल्या दोन अंड्यांवर तिचा नवरा भर उन्हात बसून राहिला आणि चंद्री न्याय मागायला निघाली.

पण राजा नव्हता. म्हणून ती मंडळाकडे गेली.

आबासाहेबांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे डोळे किंचित ओले झाले. मग ते म्हणाले, "चंद्रीबाई, दुःख फार मोठी गोष्ट आहे. ती अशी ओरडून वाया घालवू नका. तिच्यावर कविता करा."

"मला कविता नको. मला चोर पाहिजे," चंद्री म्हणाली.

"चोर कोण, हा प्रश्न फार उथळ आहे," बगळे सर म्हणाले. "चोरी म्हणजे काय, हा खरा प्रश्न."

चंद्रीने कविता केली. काय करणार बिचारी? कवितेला मंडळाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. अंडी मिळाली नाहीत. आजूबाजूला तिने खूप विचारलं, पण कुणीच काही पाहिलं नव्हतं. सशाने तर अंड्यांचं नुसतं नाव काढताच बिळात उडी मारली.

मग मंडळाचं वार्षिक संमेलन आलं. नदीकाठच्या मोकळ्या जागेत दुपारपासूनच सगळे प्राणी जमले. उद्‌घाटनाला परदेशाहून एक करकोचा येणार होता. त्याच्या गावाला हिमवर्षाव होता म्हणे, त्यामुळे तो वेळेत निघाला की नाही हेच कुणाला कळेना. उन्हाळ्यात कुठे हिमवर्षाव, असं एका माकडाने मोठ्याने विचारलं. त्याला मागे बसवण्यात आलं.

तास झाला. दोन तास झाले. रानडुकरं उठून चालू लागली.

"बगळे, काहीतरी करा," आबासाहेब कुजबुजले. "सभा मोडली तर माझं भाषण कोण ऐकणार?"

बगळे सरांनी इकडेतिकडे पाहिलं. शेवटच्या रांगेत सगुणा बसली होती. तिच्या दोन्ही बाजूच्या जागा अर्थातच रिकाम्या होत्या. सर तिच्यापाशी गेले आणि अवघडून म्हणाले, "सगुणाबाई, पाहुणे येईपर्यंत जरा ते तुमचं... चित्रांचं... करता का? गंभीर काही नको. लोक बसले पाहिजेत एवढंच."

"गंभीर मला येतच नाही सर," सगुणा म्हणाली आणि उठली.

मंचामागे एक उंच पांढरा कातळ होता. सगुणाने वणव्यात जळालेल्या एका फांदीचा कोळसा उचलला. "काय काढू?" तिने विचारलं.

"हडळ काढा!" रानडुकरं ओरडली आणि परत येऊन बसली.

तिने हडळ काढली. माकड म्हणालं, तिला सर्दी झालेली काढा. तिने नाक मोठं केलं. कुणी म्हणालं, तिला साहित्यिक करा. सगुणाने हडळीच्या खांद्यावर फक्त एक शाल टाकली. बस्स. सगळी सभा लोळायला लागली. आबासाहेबांनी आपली शाल हळूच मांडीखाली घेतली.

"ताई, तुम्ही भुताच्याच गोष्टी का काढता?" एका मायाळूशा हरिणीने विचारलं. "दुःखाच्या का नाही?"

"अगं, भुताच्या गोष्टीत भूत शेवटी जातं," सगुणा म्हणाली. "कौटुंबिक कादंबरीत सासू चारशे पानं झाली तरी तिथेच असते."

"आणि चोरांच्या?"

सगुणाने क्षणभर विचार केला. तिलाही हे पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

"त्यात एक बरं असतं," ती म्हणाली. "कुणाचं काही गेलं, तर निदान एकजण तरी विचारतो, कुणी नेलं म्हणून. मोठ्या पुस्तकांत सगळे नुसते हळहळतात."

सभेत एकदम पंख फडफडले. चंद्री टिटवी उभी राहिली होती.

"ताई, मग माझ्या अंड्यांची गोष्ट काढा," ती म्हणाली.

बगळे सर घाईने पुढे आले. "अहो, हा विषय मंडळाने हाताळलेला आहे. त्यावर एक चांगली कविता उपलब्ध आहे."

पण सगुणाने कातळावरची हडळ ओल्या शेवाळाने पुसूनही टाकली होती. तिने खडी काढली. खडीत चार अंडी काढली. मग ती थांबली. रेघ पुढे जाईना.

"आता चोर येतो," ती सभेकडे वळून म्हणाली. "मला काही सुचत नाही. तुम्हीच सांगा. केव्हा येतो?"

"भर दुपारी!" कासव म्हणालं. "सगळे सावलीला असतात तेव्हा."

"बरं. येतो कुठून?"

"मंडळाच्या बाजूच्या झुडपातून," माकड मागून म्हणालं.

"पायाचे ठसे कसे काढू?"

मग ससा उठला. जो नाव काढताच बिळात उडी मारायचा, तोच हा ससा. "नख्या लांब काढा ताई," तो म्हणाला. "आणि दोन्ही बाजूंच्या पावलांमधून एक लांब चर काढा. शेपटी ओढत नेल्यासारखा. दोन्ही वेळेला तसाच होता. म्हणजे... गोष्टीत तसा असावा, असं मला वाटतं."

पाहिलंत ना, मुलांनो? खरं काय ते विचारलं तेव्हा कुणीच काही पाहिलं नव्हतं. आता गोष्टच आहे म्हटल्यावर सगळ्यांना सगळं आठवत होतं.

सगुणा भराभर काढत गेली. नख्या आल्या. चर आला. चरापुढे शेपटी आली. शेपटीपुढे लांबट अंग आलं. काय होतंय हे तिला दिसायला लागलं, तसे तिच्या पाठीवरचे काटे एकेक करून उभे राहिले. तिचा हात थांबला. मंडळाशी वैर घेऊन या जंगलात कुणाचं पान फिरलं नव्हतं. तिने चंद्रीकडे पाहिलं. चंद्री कातळावरच्या चार अंड्यांकडे बघत होती.

सगुणाने पुन्हा कोळसा टेकवला. त्या आकृतीच्या तोंडात एक अंडं काढलं. दातांनी फोडलेलं, बलक गळत असलेलं. चेहऱ्याची जागा मात्र कोरीच राहिली.

"चेहरा कुणाचा काढू?" तिने विचारलं.

सगळे जमिनीकडे बघू लागले. सशाने डोळे मिटून घेतले. चेहरा कोरा तो कोराच राहिला असता, आणि गोष्ट तिथेच संपली असती.

पण तेवढ्यात अध्यक्षांच्या खुर्चीतून एक कुत्सित हसू ऐकू आलं.

"हे बघा, हेच!" आबासाहेब म्हणाले. "हेच मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. या चित्रकथावाल्यांचा वास्तवाचा काडीचा अभ्यास नसतो!"

"काय चुकलं आबासाहेब?" सगुणाने विचारलं.

"काय चुकलं? अहो, अंडं असं फोडून कोण खातं? अर्धा बलक खडीत जातो! अंडं अख्खं घ्यायचं. मान वर करायची. आणि सावकाश गिळायचं. आणि ते अंडं तुम्ही पांढरं काढलंय. ते मातकट होतं, त्यावर काळे ठिपके होते. दुसऱ्यावर तर टोकाला जरा जास्तच होते. निरीक्षण नाही, बाई, निरीक्षण नाही!"

मग आबासाहेब थांबले. समोर सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती.

"मी हे समीक्षक म्हणून बोललो," ते म्हणाले.

"टोकाला ठिपके होते," चंद्री हळू आवाजात म्हणाली. "ते फक्त मला आणि आमच्या ह्यांना माहीत होतं."

आणि मग तिने जी किंकाळी फोडली ना, मुलांनो, ती नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू गेली. ती उडाली आणि सरळ आबासाहेबांच्या डोक्यावर आली. मग दुसऱ्या टिटव्या आल्या. मग साळुंक्या आल्या. रानडुकरांना नक्की काय झालं ते कळलं नव्हतं, पण धावायला मिळतंय म्हटल्यावर तीही धावली. आबासाहेब शाल टाकून जे नदीत शिरले ते पलीकडच्या काठालाच निघाले. परत आले नाहीत.

एवढं झाल्यावर करकोचा आला. त्याने रिकाम्या खुर्च्यांसमोर उद्‌घाटन केलं. संमेलन फार शिस्तबद्ध झालं, असं त्याने परत गेल्यावर तिकडे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची बैठक भरली. घडल्या प्रकाराबद्दल तीव्र खेद व्यक्त करण्यात आला. प्रकार म्हणजे चित्र. यापुढे संमेलनात कुणीही आयत्या वेळी चित्र काढू नये. काढायचंच झालं तर त्यात कोण सापडणार हे आधी लेखी कळवावं, असं ठरलं. सगुणाला मंचाजवळ यायची कायमची बंदी झाली. ती मंचाजवळ आयुष्यात एकदाच गेली होती, त्यामुळे तिच्या कामात काही खंड पडला नाही.

पंधरा दिवसांनी चंद्री तिच्याकडे आली.

"दोन्ही फुटली," ती म्हणाली. "पोरं बघायला चला. आणि त्यांचं चित्र काढा."

सगुणा पान आणि काटा घेऊन खडीत गेली. बराच वेळ शोधलं. पिल्लं काही दिसेनात. टिटवीची पिल्लं आईने इशारा केला की जागच्या जागी दगड होऊन बसतात.

"अगं, आहेत कुठे?"

"तुमच्या पायाशीच आहेत. पाऊल उचलू नका."

सगुणा पाऊल न उचलता तशीच खाली वाकली आणि तिने चित्र काढलं. चित्रात नुसते दगड आहेत. त्यातल्या दोन दगडांना डोळे आहेत. ते पान मात्र हरणांनी खाल्लं नाही.

आणि आबासाहेब? त्यांचं चांगलं झालं. पलीकडच्या काठावर त्यांनी आठशे पानांचं आत्मचरित्र लिहिलं. त्यात सहाशे अकराव्या पानावर त्यांनी अंडी खाल्ल्याचं स्वच्छ कबूल केलं आहे. तिथपर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही. बगळे सरांनी प्रस्तावनेत त्याला 'विलक्षण प्रामाणिक' म्हटलं आहे, आणि त्या वर्षीचा मंडळाचा मोठा पुरस्कार त्यालाच मिळाला.

तात्पर्य : मुलांनो, चित्रकथा वाचू नका. त्यात चोर पकडला जातो. मोठे होऊन चांगलं वाङ्मय वाचा. त्यात तो सन्मानाने भेटतो.