‘त्यागमंजिरी’चे सभ्यीकरण

मल्लेश्वरमच्या मराठी मित्रमेळ्याने १९६१च्या गणेशोत्सवात ‘संगीत त्यागमंजिरी’ हे शोकान्त नाटक करायचे ठरवले, तेव्हा अडचण अशी निघाली की नाटकात एक कलावंतीण होती. तिचे एका प्रतिष्ठित घरच्या मुलावर प्रेम बसते, मुलाचा बाप येऊन हात जोडतो, ती त्याच्या घराण्याच्या अब्रूसाठी प्रेमाचा त्याग करते आणि क्षयाने, गात गात, मरते. तिच्या मरणाला कार्यकारिणीची हरकत नव्हती. हरकत होती ती तिच्या त्याआधीच्या वागण्याला.

आमचे अध्यक्ष विश्वासराव सरकारी कारखान्यात मोठे इंजिनिअर. त्यांनी कलावंतीण रद्द करून गायनशिक्षिका सुचवली. ती गाणे कोणाला शिकवते, अशी पृच्छा झाली. तेव्हा तिला बालवाडीत प्रार्थना शिकवायला लावले. क्षय चांगल्या घरात होत नाही, निदान सांगत नाहीत; म्हणून हृदयविकार दिला. प्रेमप्रवेशात दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचे तुळशीवृंदावन ठेवले.

आता नायिका इतकी सोज्वळ झाली की बापाला तिला नाकारायला कारणच उरेना. बाप हो म्हणाला तर तिसरा अंक बुडतो. कार्यकारिणी डोके खाजवत बसली. शेवटी तोडगाही विश्वासरावांनीच काढला. नायिकेने पूर्वी एकदा नाटकात काम केलेले असावे. एवढा डाग पुरे. ठराव एकमताने मंजूर झाला. चिटणीस म्हणून मीही हात वर केला. चहा खोळंबला होता.

नायिका झाली चिक्कपेटेतल्या रघुपतीअण्णांची नयना. हे घराणे शहाजीराजांच्या वेळेपासून इथले. त्यांच्या मराठीत निम्मे कन्नड, पण पोरीचा गळा अस्सल सोने. नायक विश्वासरावांचा अरविंद. आणि दिग्दर्शक व बाप खुद्द विश्वासराव, कारण अध्यक्षांना दुसरा बाप चालला नसता. तालमी जसजशा रंगत गेल्या, तसतसे ते वृंदावन विंगेकडे सरकत गेले. कोणी सरकवले, याची चौकशी झाली नाही.

प्रयोगाला सगळे सभागृह रडले. विश्वासराव इतके रडले की त्यांची मिशी सुटली. डॉक्टरांच्या प्रतिमाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, समाजानेच हो त्या पोरीला मारले. सर्वांनी मान डोलावली आणि समाजाला मनसोक्त शिव्या देऊन सगळे बटाटेवड्यांकडे वळले.

पुढच्याच आठवड्यात अरविंदने घरी सांगितले की तो नयनाशी लग्न करणार.

विश्वासराव हादरले. मुलगी नाटकात काम करते, हे त्यांनी चिरंजीवांच्या नजरेस आणून दिले. तुमच्याच दिग्दर्शनाखाली, असे अरविंदने म्हणून पाहिले.

“म्हणून तर मला पक्के ठाऊक आहे,” विश्वासराव म्हणाले.

मग ते मला मध्यस्थ म्हणून घेऊन चिक्कपेटेत गेले. अण्णांनी कॉफी दिली. विश्वासरावांनी हात जोडले आणि थेट तिसऱ्या अंकाच्या आवाजात घराण्याची अब्रू मागितली. सवयीने नयनाचे डोळे भरून आले. पुढे तिचे पद होते. नाटकात पेटी माझीच असल्यामुळे माझी बोटे मांडीवर सूर शोधू लागली. मला खरेच वाईट वाटत होते.

नयनाने डोळे पुसले. “स्वल्प थांबा काका,” ती म्हणाली. “नाटकात मला हृदयविकार होता. पुढं मरायचंच होतं, म्हणून त्याग परवडला. इथं मी ठणठणीत आहे. त्याग करून झाल्यावर मी रोज काय करू?”

विश्वासरावांनी माझ्याकडे पाहिले. संहितेत त्यांना पुढचे वाक्यच नव्हते.

आता लग्न नोंदणी कचेरीत ठरले आहे. तीन साक्षीदार लागतात. नाही मिळाले तर लग्न अडते, आणि ते अडावे म्हणून विश्वासरावांनी घरोघर निरोप धाडले आहेत. एक सही अण्णांची. दुसरी आमच्या पडदेवाल्या हरीची; वृंदावन त्यानेच सरकवले होते, असे आता तो उघड सांगतो. तिसरा मिळत नाही. प्रतिमाबाईंना शनिवारी उपास असतो. मी सही केली असती, पण चिटणीसाने तटस्थ राहावे असा संकेत आहे.

तुम्हीही होतात की प्रयोगाला. तिसऱ्या रांगेत, अगदी हुंदके देत. शनिवारी अकरा वाजता कचेरी उघडते. तुमची अडचण काय लिहू?