वायुकेसरीची मिशी

सोमवारी सकाळी पोस्टमनने मधुकर गमरेच्या टेबलावर पिशवी उपडी केली, तेव्हा मधुकरला वाटलं, याचा पत्ताच चुकला. शिरवण्याच्या त्या छापखान्यात एरवी फार तर दोन-तीन पत्रं यायची, आणि त्यातलं एक तरी लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या मामाचं नाव चुकल्याबद्दल असायचं. आज एकशे बारा पत्रं होती.

मधुकर तिथे प्रूफं तपासायचा. शिवाय हजेरी, फोन आणि भांडायला आलेली माणसं हेही त्याच्याकडेच असायचं. छापखाना पंढरीशेठचा. शेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली तेव्हा पंढरीशेठने एमआयडीसीच्या कडेला पत्र्याची शेड घातली, दोन मशिनं आणली आणि पावतीपुस्तकं छापायला सुरुवात केली. मग १९८३च्या सुरुवातीला त्याच्या डोक्यात आलं, की वायुकेसरीला परत आणायचं.

वायुकेसरी म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या चित्रकथांमधला वीर. उपरणं पसरून आकाशात उडणारा, एका बुक्कीत गलबत फोडणारा. त्याचे मूळ चित्रकार सिताराम घरत अजून जासईला राहत होते. पंढरीशेठने त्यांना गाठलं आणि आजच्या पोरांसाठी नव्याने चित्रं काढायला राजी केलं. नवा वायुकेसरी धोतराऐवजी पँट घालायचा, मनगटावर घड्याळ बांधायचा, दिवसा बँकेत नोकरी करायचा आणि गलबतांऐवजी तेलात भेसळ करणाऱ्यांच्या गोदामावर झडप घालायचा. मधुकरने जुना वायुकेसरी कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या कोकणातल्या वाडीपर्यंत असली पुस्तकं पोचत नसत. हा उडणारा बँकवाला कोण विकत घेणार, अशी त्याला काळजी होती. पहिला अंक बाजारात जाऊन महिना झाला होता.

त्याने पहिलं पत्र फोडलं. मजकूर एका ओळीचा होता : ‘मिशी कुठे गेली?’

दुसरं पनवेलच्या एका मुख्याध्यापिकेचं होतं. ‘पँट चालेल. घड्याळ चालेल. बँकेतली नोकरी तर फारच छान. पण मिशी?’ तिसरं बोटीवरच्या एका खलाशाने थेट एडनहून टाकलं होतं. चौथ्यात एकाने लिहिलं होतं, की त्याच्या भावाने आयुष्यातली पहिली मिशी वायुकेसरीला बघून राखली. भाऊ आता नाही, आणि आता ही मिशीही नाही.

दुपारपर्यंत मधुकरने सगळी पत्रं वाचून काढली. एकशे नऊ मिशीबद्दल होती, दोन वर्गणीबद्दल, आणि एक त्या मामाचं. मधुकर चहा घ्यायचा विसरला. एका नाकाखालच्या चार रेघांसाठी माणसं एडनहून लिहितात, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

“शेठ, सगळे मिशी मागतायत,” तो आत जाऊन म्हणाला.

“मिशी?” पंढरीशेठने एकदम वर पाहिलं आणि तितक्याच घाईने खाली. “मिशीवर कोन पत्र लिवतो? कायतरी उत्तर दे. मना हलदीला जायचाय.”

“अहो, पण मिशी काढली कोणी?”

“आता कोन मिशी ठेवतो रे?” स्वतःच्या मिशीवर हात ठेवून पंढरीशेठ म्हणाला, आणि हळदीला गेला.

मंगळवारी अकराच्या सुमाराला शेडबाहेर चपलांचा आवाज झाला. मधुकरने पाहिलं तर चाळीसेक माणसं उभी. पुढे देवजी होता. शिरवण्यात त्याला सगळे ओळखत. पूर्वी मिठागरावर राबायचा, आता चार खोल्या भाड्याने दिल्या होत्या. त्याच्या मागे वाशीच्या दवाखान्यात आया असणाऱ्या भिमाबाई होत्या, आणि मार्केटमधल्या माथाडींचा मुकादम मारोती कांद्याच्या सालींसकट आला होता.

पंढरीशेठ मागच्या दाराने केव्हा गेला ते कळलं नाही.

देवजीने काखेतलं लाल फडक्यातलं बासन टेबलावर ठेवलं. गाठ सोडताना त्याने आधी धोतराला हात पुसले. आत वायुकेसरीचे जुने अंक होते. पानं पिवळी पडलेली, कडा खाल्लेल्या, आणि प्रत्येक पाठ सुईदोऱ्याने पुन्हा शिवलेली.

“भाऊ,” देवजी म्हणाला, “मी शालंत एक दिस गेलो नाय. मिठागरावर मुकादम हा अंक वाचून दाकवायचा. एक दिस बोल्ला, आता नाय वाचीत, तूच वाच. आता वायुकेसरी कड्यावरून लोंबकलतोय, आन् फुडं काय झाला ता मना ठावं नाय! मंग काय करनार? शिकलो वाचायला. तीन आटवडे लागले. तवर तो तितंच लोंबकलत व्हता.”

कोणी हसलं नाही. मधुकरलाही हसू आलं नाही. त्याला एकदम दिसलं, मिठाच्या ढिगाआड बसून एक घामेजलेला तरुण एकेक अक्षर जोडतोय, कड्यावरच्या माणसाला खाली उतरवायला.

“आमचे हे मला वाचून दाखवायचे,” भिमाबाई म्हणाल्या. “आवाज काढून. मिशीला पीळ देऊन. यांना मिशी नव्हती, पन पीळ द्यायचे.”

“आमी भांडाया नाय आलो, साहेब,” मारोती म्हणाला. “फकस्त इचारतो. त्येला काय आजार झालाय का?”

इथे मधुकरने सरळ सांगायला हवं होतं, की मला माहीत नाही. पण चाळीस माणसं त्याच्याकडे अशी पाहत होती, जणू तो दवाखान्याच्या आतल्या खोलीतून नुकताच बाहेर आलेला डॉक्टर आहे. त्याच्या तोंडून निघून गेलं, “मिशी येतेय ना! पुढच्या अंकात येतेय. परवाच निघतोय तो.”

शेडमध्ये एक मोठा निःश्वास पसरला. भिमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. देवजीने बासन बांधलं आणि दोन्ही हात जोडले.

“उद्या बगायला येतो आमी,” तो म्हणाला.

ते गेल्यावर मधुकर मागे गोदामात गेला. पुढचा अंक तिथे रचलेलाच होता. दोन हजार प्रती, छापून, शिवून, गुरुवारी निघायला तयार. त्याने एक प्रत उघडून वायुकेसरीचे चेहरे मोजले. चोपन्न. सगळे गुळगुळीत. पाटीवर त्याने गुणाकार केला. एक लाख आठ हजार मिश्या.

पुन्हा छापायला कागद नव्हता आणि चित्रांचे नवे ब्लॉक, म्हणजे छापायचे ठसे, करायला दिवस नव्हता. बुधवारी सकाळी सातला मधुकर आणि खिळे जुळवणारे दोघे कंपोझिटर बॉलपेन घेऊन बसले. दहा वाजेपर्यंत एकोणीस प्रती झाल्या. एका कंपोझिटरच्या बोटाला पेटका आला. दुसऱ्याने विचारलं, “मधूभाऊ, हा लांब उडताना दिसतोय, याचं तोंड मुगाच्या डाळीएवढं हाय. याला पण मिशी?”

“त्याला पण.”

तेवढ्यात काखेत तेच लाल बासन घेऊन दारात देवजी उभा राहिला. मागे कालचीच माणसं, आणि आणखी काही.

मधुकरचा हात एका नाकाखाली अर्ध्यातच थांबला. आता मार बसणार, हे त्याने गृहीतच धरलं. मारोती एका वेळी दोन पोती उचलतो, हेही त्याला आठवलं.

देवजीने ढिगाकडे पाहिलं, तिघांच्या हातातल्या पेनांकडे पाहिलं, अर्ध्या मिशीकडे पाहिलं. “हातानं काडताव?” त्याने हळूच विचारलं. “सगल्या?”

“हो,” मधुकर म्हणाला. “काका, मी काल खोटं...”

पण देवजी ऐकत नव्हता. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन मांडी घातली आणि हात पुढे केला. “पेन द्या.”

मग सगळ्यांनीच चपला काढल्या. कोणी मुलाच्या दप्तरातलं पेन आणलं, कोणी समोरच्या कारखान्याच्या फाटकावरून मागून आणलं. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसं बसली आणि काम सुरू झालं. मशिनं बंद होती. पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता.

मधुकर रांगेतून फिरू लागला आणि फिरता फिरता त्याचं चालणं हळू झालं. देवजीची मिशी भरघोस, दोन्ही बाजूंना खाली झुकलेली. भिमाबाईंची अगदी बारीक, रेघेसारखी. प्रत्येक मिशी झाली की त्या पान लांब धरून कोणाला तरी बघितल्यासारख्या बघायच्या. मारोतीच्या मिश्यांची टोकं वर चढून डोळ्यांत जायला आली होती. पोती पेलणारे त्याचे हात कागदावर फार जपून चालत होते.

“मारोतीराव,” तो म्हणाला, “हिला का काढलीत? ही नायिका आहे.”

मारोतीने पान डोळ्यांजवळ नेलं. “आरं तिच्या! केस बारके कापल्यात हो हिनं! लई झाल्यात का माझ्याकडनं?”

तीस प्रतींमध्ये झाल्या होत्या. शिवाय एका कोपऱ्यात तेलवाल्या खलनायकालाही देऊन टाकल्या होत्या, आणि एका प्रतीत पाळलेल्या पोपटाला.

दुपारी तीनपर्यंत ढीग संपत आला. तेव्हाच पायजमा-सदऱ्यातले एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ काखेत गुंडाळी घेऊन आत आले. एसटीने आल्यामुळे अंगावर धूळ होती. मधुकर धडपडत उठला. “घरत साहेब!”

नाव ऐकताच सगळी शेड उभी राहिली. पेनं खाली पडली.  देवजी पुढे झाला आणि सितारामांच्या पायाशी वाकला. त्याच्यामागे भिमाबाई, मग मारोती.

“काय चाललंय हे?” सितारामांनी विचारलं. मग त्यांनी एक प्रत उचलली. दुसरी उचलली. दोन्ही शेजारीशेजारी धरल्या.

“मिशी,” ते अखेर म्हणाले.

“तुमची राहून गेलेली, साहेब,” देवजी म्हणाला. “आमी पुरी केली.”

सिताराम स्टुलावर बसले. “अहो, मी मिशी कधी काढलीच नव्हती.”

कोणाला काही कळलं नाही.

“पहिल्या अंकाच्या वेळी ब्लॉक बिघडला. नाकाखाली शाई साचली. लोकांना ती मिशी वाटली आणि अंक हातोहात खपला. मग तेव्हाचा मालक म्हणाला, आता ठेवा. मी काही ऐकलं नाही. अकरा वर्षं मी बिनमिशीचा वायुकेसरी काढून द्यायचो, आणि तिथला एक कारागीर त्यावर मिशी चढवायचा. अकरा वर्षं! या वेळी पंढरीशेठकडून मी एवढंच लिहून घेतलं होतं. मिशी नको.”

आता मधुकरला पंढरीशेठची ती हळदीला जायची घाई कळली.

 देवजीने जुन्या बासनाकडे पाहिलं, मग समोरच्या माणसाकडे. तीस वर्षं ज्या चेहऱ्यावर जीव टाकला, त्याचा अर्धा भाग सांडलेली शाई होती. मधुकरला वाटलं, आता हा माणूस उठून निघून जाईल.

देवजी उठला. कंपोझिटरच्या पाटावरचं ब्लेड त्याने उचललं. “साहेबांना नको तर नको,” तो वळून म्हणाला. “खरवडा रं सगल्यांनी.”

आणि खरंच, ती सगळी माणसं पुन्हा खाली बसली. खरवडू लागली. कोणी ब्लेडने, कोणी नखाने. भिमाबाई रडत होत्या आणि खरवडत होत्या. मारोतीच्या पहिल्याच प्रतीत मिशीबरोबर वायुकेसरीचा वरचा ओठ गेला आणि मागच्या पानावरचं गोदाम दिसू लागलं.

सिताराम हे सगळं पाहत होते. त्यांनी पायाशी पडलेली एक प्रत घेतली. त्यात बारीक मिशी होती. दुसरीत झुपकेदार. तिसरीत टोकं आभाळाला गेलेली. मुगाच्या डाळीएवढ्या तोंडावरसुद्धा कोणीतरी जीव लावून दोन ठिपके दिले होते. 

“थांबा!” ते ओरडले. “अहो, थांबा! राहू द्या ती!”

“आसं कसं?” देवजी म्हणाला. “तुमी बोल्लात ना, नको.”

“मी म्हणतो, राहू द्या!”

“तुमाला बरं वाटावं म्हनून बोलू नका, साहेब. तुमचा वायुकेसरी हाय. बिनमिशीचा तर बिनमिशीचा.”

“अहो माझा कुठला? अकरा वर्षं बिनमिशीचा मी एकट्यानंच पाहिला, त्याचं काय? आता मलाच तो मिशीशिवाय ओळखू येईना!”

“नाय, नाय, लिवून घेतलाव तुमी.”

वाद चांगलाच पेटला. आता अख्खी शेड मिशी नको म्हणत होती आणि चित्रकार एकटा मिशीसाठी भांडत होता. मधुकर मधे उभा राहून दोन्हीकडे पाहत होता. शेवटी सितारामांनी वादाचा नाद सोडला, काखेतली गुंडाळी टेबलावर पसरली आणि पिशवीतून ब्रश काढला. यानंतरच्या अंकाचं पहिलं चित्र होतं. खाडीपुलावरून झेपावणारा वायुकेसरी, पानभर.

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. मारोतीने बाकीच्यांना हाताने मागे सारलं, आपली सावली पडू नये म्हणून स्वतः खाली बसला. देवजीने कागदाचं टोक दोन बोटांनी धरलं. सितारामांनी ब्रश शाईत बुडवला, निथळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा वायुकेसरीच्या नाकाखाली टेकवला. डावी बाजू झाली. मग उजवी. पन्नास माणसांमध्ये कोणी पापणी लववली नाही.

सितारामांनी ब्रश उचलला आणि देवजीकडे पाहिलं.

देवजी वाकून बघत राहिला. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मग त्याने पुन्हा हात जोडले.

“साहेब, राग मानू नका,” तो म्हणाला. “पन जरा बारीक झाली.”

सितारामांनी निमूटपणे ब्रश पुन्हा शाईत बुडवला.