परब उस्तादांचं ‘जैसे थे’

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत एका मुलीवर अक्षता दोनदा पडल्या, आणि दोन्ही वेळा नवरा तोच होता.

झालं असं, की मंगलाष्टकं संपायच्या आतच मुलीच्या मामाचा हात सुटला. मामाने टाकल्या म्हणून सगळ्यांनी टाकल्या. बँडवाल्याने गाल फुगवले, आणि तेवढ्यात मागच्या खुर्च्यांमधून आवाज आला, “जैसे थे!” आवाज कसला, भोंगाच! बँड गप्प. भटजी गप्प. अर्धा खाली आलेला अंतरपाट धरणाऱ्यांनी पुन्हा वर उचलला. नवऱ्यामुलाने हार घालायला पुढे केलेले हात मागे घेतले आणि बिचारा ताठ उभा राहिला. मग आमच्या शेजारचे परब उस्ताद शांतपणे म्हणाले, “भटजीबुवा, शेवटचं राहिलंय. होऊन जाऊ दे.” आणि खरोखर राहिलं होतं हो! लोक खाली वाकून अक्षता वेचायला लागले.

आता हे ‘जैसे थे’ काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा भ्रमिष्ट आहे. पोलिसांच्या कवायतीतले हुकूम हिंदीत असतात. सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड. एखादा हुकूम चुकीचा दिला गेला, की देणाऱ्याने लगेच ओरडायचं, “जैसे थे!” म्हणजे सगळे आधी होते तसे. मग हुकूम नव्याने द्यायचा. परबांचं सगळं आयुष्य पोलिसात गेलं, त्यातलं बरंचसं नव्या शिपायांना कवायत शिकवण्यात. शिकवणाऱ्याला तिथे उस्ताद म्हणतात. रिटायर होऊन घरी आले ते उस्ताद म्हणूनच आले, आणि मैदान नाही म्हणून आम्हाला धरलं.

आरतीत कडवं गाळलं, जैसे थे. कापूर विझला तरी चालेल. टॅक्सीवाल्याने करी रोडला चुकीचं वळण घेतलं, जैसे थे. वळसा मारून नाही, जिथे चुकला तिथे परत जाऊन पुन्हा. एकदा मी घाईत चपला उलट्या काढून घरात शिरले, तर मला, एका मुलीच्या आईला, लोअर परळच्या एवढ्या मोठ्या ऑफिसात रिसेप्शनला बसणाऱ्या बाईला, पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा आत यायला लावलं! आमचे हे आतून हसत होते. त्यांना मी रात्री कारल्याची भाजी वाढली.

दुसरी खोड फ्लास्कची. उस्ताद कोणाच्याही घरी गेले तरी चहा स्वतःचा घेऊन जातात. बगलेत निळा फ्लास्क, खिशात स्टीलचा पेला. आमच्याकडे बसतील, तासभर गप्पा मारतील, पण माझ्या चहाला हात लावणार नाहीत. पहिल्यांदा मला फार राग आला. माझ्या चहात काय झुरळ पडलंय? मग त्यांनीच सांगितलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांना परीक्षक केलं होतं. मला वाटायचं, भरती झाली की झाला पोलीस. तसं नसतं. आधी महिनोन्‌महिने ट्रेनिंग, आणि शेवटी परीक्षा घ्यायला राज्याच्या कार्यालयाकडून बाहेरची माणसं येतात. ती ‘योग्य’ म्हणाली तरच पोरगं पोलीस, नाहीतर मागे थांब, पुढच्या बॅचबरोबर निघ. “स्वतःच्या पोरांना कोण नापास करतो गो?” उस्ताद म्हणायचे. “म्हणून बाहेरचा माणूस लागतो.” हे जायचे तेव्हा सेंटरवाले झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना फासून ठेवायचे, टेबलावर काजू मांडायचे. उस्ताद फ्लास्क उघडायचे. “मला झाडं पास करायची नाहीत,” म्हणायचे. परीक्षा चालू असेतो दुसऱ्याचा चहा नाही. आता परीक्षा कसली, तर आमची. रोजची.

हा माणूस घरात एकटा. त्यांची बायको, आमच्या काकी, गेल्या, त्यानंतर वर्षभरातच मुलगा, नितीन, बदलापूरहून आला होता. “बाबा, इथे एकटे काय करता, माझ्याकडे चला, खोली बंद करू,” एवढंच म्हणाला. पण काकींचे दिवस ज्या खोलीत गेले ती बंद करायची म्हटल्यावर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. भिंतीला भिंत लागून, मला सगळं ऐकू आलं. शेवटी दारात उभं राहून उस्ताद गरजले, “पीछे मुड!” आणि नितीन खरंच वळला हो. लहानपणापासून त्या आवाजाला वळायची सवय. जिना उतरून गेला तो पुन्हा चाळीत आला नाही. मी एकदोनदा विषय काढून पाहिला. “हुकूम दिला, संपलं,” एवढंच उत्तर. पण रविवारी सकाळी गॅलरीत उभे राहून रस्त्याकडे बघायचे. विचारलं तर म्हणायचे, ट्रॅफिक बघतोय.

असो. आमच्यावर प्रसंग आला तो सायलीमुळे. सायली माझी लेक, पोलीस शिपाई म्हणून भरती झाली. काय आनंद झाला होता मला! अख्ख्या चाळीला साखर वाटली. ट्रेनिंगही बरं चाललं होतं, आणि शेवटच्या परीक्षेत बाईसाहेबांनी माती खाल्ली. प्रत्येकीला एकदा पुढे येऊन बाकीच्या मुलींना हुकूम द्यायचे असतात. सायली म्हणाली ‘बायें मुड’, म्हणायचं होतं ‘दाहिने’. मुली डावीकडे वळल्या. समोर परीक्षकांचा मांडव. चूक हिच्या लक्षात आली, पण हिने पुढचा हुकूम सोडला, “तेज चल!” आणि मुली चालल्या की मांडवात! हुकूम म्हणजे हुकूम. हिच्या तोंडून ‘थम’ निघेना, ‘जैसे थे’ निघेना. चहाची किटली गेली, टेबल गेलं, एका साहेबांची टोपी बिस्किटांवर पडली.

दिवाळीला चार दिवस सोडलं तेव्हा घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडली. दिवाळीनंतर एकदाच पुन्हा संधी होती. तेव्हाही जमलं नाही, तर मैत्रिणी पोलीस होऊन बाहेर पडणार आणि ही तिथेच मागे. “आई, मला नाही जमणार. चूक झाली की माझा घसाच बसतो,” म्हणाली. चकल्या तळता तळता मी रडत होते, आणि डोळ्यांत तिखट गेलं म्हणून सांगत होते.

उस्ताद फ्लास्क घेऊन आले, सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता पोरीला सुनावतील. तर म्हणाले, “आवाज चांगला आहे हिचा. हिला चुकायची प्रॅक्टिस नाही. उद्या सकाळी चौकात.”

दुसऱ्या दिवशी चाळीच्या चौकात प्लाटून उभी. प्लाटून म्हणजे कोण, तर आमच्या महिला मंडळाच्या बायका, पहाटे अभ्यंगस्नान झालेल्या, केसांना तेल, आणि त्यांच्या पुढे वाडकर आजी, वय विचारू नका. उस्तादांनी सायलीला हुकूम दिला, “मुद्दाम चुकीचा हुकूम दे. मग मागे घे.”

सायली म्हणाली, “बायें मुड.” अर्ध्या बायका डावीकडे, अर्ध्या उजवीकडे, वाडकर आजी सरळ घरी निघाल्या. त्यांना पकडून आणलं. पुन्हा. “बायें मुड! तेज चल!” आता मात्र सगळ्या बरोबर वळल्या आणि चालायला लागल्या. समोर तळमजल्यावरच्या मुलींनी सकाळपासून खपून काढलेली रांगोळी. मोर होता. सायली तोंड उघडून उभी, आवाज नाही. महिला मंडळ मोरावरून पार झालं आणि नळाशी जाऊन थांबलं.

मुलींनी भोकाड पसरलं. सायलीही रडायला लागली. “उस्ताद, एवढ्या मोठ्या बायका, आजी आहेत त्यात, मी त्यांच्यावर कशी ओरडू? आणि चूक तर माझीच!”

“म्हणूनच ओरडायचं,” उस्ताद म्हणाले. “त्यांच्यावर नाही. स्वतःच्या चुकीवर. उद्या तुझ्या हातात काठी असेल गो बाय. एका शब्दावर माणसं धावतील. हुकूम चुकणार, माणूस आहेस. पण लाज वाटली म्हणून गप्प बसलीस, तर ती माणसं तुझ्या चुकीवरून चालत जातील आणि कोणाचं तरी डोकं फुटेल. परीक्षक तेच बघायला येतात. हुकूम देता येतो का ते सगळेच बघतात.” मग बायकांकडे वळून म्हणाले, “पुन्हा! आणि आजी, चप्पल घाला.”

चार दिवस आमची चाळ चुकत होती. एवढं चुकलो, काय सांगू. दूधवाला ‘थम’ ऐकून सायकलवरून उतरायचा. आमचे हे पेपर वाचता वाचता दाहिने मुड करायचे. आणि भाऊबीजेच्या सकाळी बायका नव्या रांगोळीवर पाऊल टाकणार, तेवढ्यात वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली. “जैसे थे!” मी स्वयंपाकघरात होते. माझ्या हातातली करंजी कढईत पडली. मला आधी वाटलं उस्तादच ओरडले.

सायली गेली. परीक्षेच्या दिवशी मी ऑफिसात फोन समोर ठेवून बसले होते. येणाऱ्या माणसाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, ते मी दुपारी म्हणत होते. संध्याकाळ झाली तरी फोन नाही. घरी येऊन बघते तर उस्ताद आमच्या दारात, फ्लास्क न उघडता, ताठ. मग फोन वाजला.

“आई, मी पुन्हा चुकले!” मी फोन उस्तादांच्या हातात द्यायला लागले. “अगं ऐक तरी! पुन्हा तेच, बायें! पण लगेच जैसे थे म्हटलं. एवढ्या जोरात, की साहेबांच्या हातातला कप हलला. मग नीट हुकूम दिला. साहेब म्हणाले, हुकूम चुकला म्हणून मार्क कापले. मागे घेतला म्हणून पास!”

देवा रे! मी देवापुढे दिवा लावला, तो काडी उलटी धरून. उस्ताद गॅलरीत जाऊन कितीतरी वेळ नाक शिंकरत होते.

दीक्षांत संचलन झालं, लेक खाकीत घरी आली. चाळ गोळा झाली. सायली उस्तादांच्या पाया पडली. पेढे वाटता वाटता मी सहज म्हटलं, “उस्ताद, नितीनकडेही चार पेढे पाठवते. लहानपणी सायलीला खांद्यावर घेऊन फिरायचा.”

उस्तादांचा चेहरा घट्ट झाला. “काही गरज नाही. हुकूम दिला, संपलं.”

“जैसे थे!”

सायली होती. खाकीत, ताठ, डोळे उस्तादांवर. आणि परब उस्तादांच्या टाचा आपोआप जुळल्या. हात मांड्यांना चिकटले. नजर समोर. सायलीचा स्वतःचाच जीव घाबरला असावा, पण तिने हुकूम मागे घेतला नाही. हा बरोबर होता ना.

उस्ताद तसेच उभे. मग त्यांनी बगलेतला निळा फ्लास्क माझ्या टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाले, “शुभा, चहा टाक गो. तुझ्या हातचा.” मी काय हलतेय! सायलीने मला ढोसलं तेव्हा आत गेले. आलं जास्त पडलं, साखर विसरले. तो चहा ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि उठून गॅलरीत गेले.

मी पेढ्यांचं ताट घेऊन दारातच थबकले. चोरून ऐकू नये हे मला कळतं, पण पाय निघाले नाहीत. उस्ताद फोन कानाला लावून उभे होते. सावधानमध्ये. घरातलं मालवणी, लेकाला ‘झिला’ म्हणणं, त्यांच्या तोंडून मी किती दिवसांनी ऐकत होते.

“झिला... मी बोलतंय.” त्यांचा दुसरा हात कठड्याला घट्ट धरून होता. “त्या दिवशीचो हुकूम माझो चुकलो.” ज्या आवाजाने लग्नं थांबवली, तो आवाज मला जेमतेम ऐकू आला.

“जैसे थे, झिला.”

पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. पण म्हाताऱ्याचे ताठ खांदे हळूहळू खाली आले, डोकं हलायला लागलं, हो, हो, हो. “रविवारी येतलस मा? होय. पोरांकपण घेवन ये.”

फोन ठेवून वळले तर समोर मी, ताट हातात, डोळ्यांतून पाणी. म्हटलं आता ओरडा बसणार. त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, ताटातला एक पेढा उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “काय खांबासारखी उभी? विश्राम!”

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि पोटभर रडून घेतलं.