प्लगइनचे मानकरी

आमच्या गावची वस्तीची गाडी बंद करण्याचा विचार चालू असल्याचं डेपोतून कळलं, तेव्हा पंच कमिटीनं त्याची गंभीर दखल घेतली. रात्री मुक्कामाला येऊन सकाळी खानापूरला जाणारी ही बस. नंदगडाच्या पुढं जंगलात आमचं गाव, आणि सकाळी दुसरं काही मिळत नाही. कमिटीतल्या प्रत्येकाच्या दारात मोटारसायकल असल्यामुळं या प्रश्नावर शांत डोक्यानं विचार करता आला.

गाडीनं रोज जाणाऱ्यांत आंबेडकर गल्लीतल्या भीमाप्पाची नीलम होती. ती कॉलेजला जायची. गाडी गेली तर पोरगी घरी बसेल, असं भीमाप्पानं सांगून टाकलं होतं. त्याच्या चुलत्याचा एक डोळा त्याच जंगलातनं चालत जाताना अस्वलानं नेला होता, त्यामुळं त्याचं म्हणणं कमिटीलाही खोडता येईना.

डेपोतल्या साहेबांनी उपाय सांगितला. महिनाअखेरपर्यंत दोनशे सह्या ऑनलाइन दाखवा, गाडी ठेवतो. कागदावरच्या सह्या एकाच पेनच्या असतात, असा त्यांचा अनुभव होता. तेव्हा नीलमनं सुचवलं, की गावाचा ब्लॉग काढू, गाडीबद्दल लिहू आणि तिथंच सह्या घेऊ. पुण्याला, बेळगावात टिळकवाडीला राहायला गेलेली आपली माणसंसुद्धा यात्रेला याच गाडीनं येतात, ती सही करतील.

भीमाप्पाचा पुतण्या दीपंकर बेळगावात कंप्युटरच्या कंपनीत आहे. शिकलेला, आपल्याच गावचा, म्हणून पैशाचा विषय न काढता त्याला रविवारी बोलावून घेतलं. त्यानं चहा निवायच्या आत ब्लॉग काढून दाखवला. मग म्हणाला, याला प्लगइन लागतात. म्हणजे ब्लॉगला वरून जोडायची छोटी छोटी अवजारं. चार पुरेत: एक रखवालीचं, एक रोजची नक्कल ठेवणारं, एक ब्लॉग लवकर उघडणारं आणि एक सह्या घेणारं. जास्त जोडली तर ब्लॉग जड होतो.

"चार?" अध्यक्ष मारुतीराव म्हणाले. "मानाच्या गल्ल्या सहा हायत की रं."

"आप्पा, प्लगइनला गल्ली नसते."

"गल्ली नसलेलं काय असतंय गावात?"

दीपंकर बरीच वर्षं बेळगावात असल्यामुळं त्याला रीत समजावून सांगावी लागली. लक्ष्मीच्या यात्रेत तलवार कुणी धरायची, दिवा कुणी लावायचा, हे आजोबा-पणजोबांनी ठरवलेलं आहे आणि एकदा कोर्टानंही मान्य केलेलं आहे. गावात नवं काही आलं तरी क्रम तोच. पाण्याच्या टाकीला आमच्याकडं सहा नळ आहेत. पाणी एकाला येतं, पण तक्रार कुणाचीच नाही.

त्याप्रमाणं वाटप झालं. रखवालीचं प्लगइन तलवार धरणाऱ्या पाटील गल्लीकडं गेलं. नकलेच्या प्लगइनवर वरच्या आणि खालच्या गल्लीनं हक्क सांगितला, तेव्हा दोघांना एकेक दिलं. आता वरच्या गल्लीचं प्लगइन ब्लॉगची नक्कल करी, खालच्या गल्लीचं त्या नकलेची, आणि मग वरचं पुन्हा या सगळ्याची. काहीही न लिहिता ब्लॉग रोज वाढू लागला. अशी भरभराट गावानं पूर्वी पाहिली नव्हती.

देवळाच्या गल्लीनं भाषांतराचं मागितलं. कन्नड आणि मराठी दोन्ही दिसावं, यावर एकमत होतं. वर कोणतं, यावर नव्हतं. तीन बैठका झाल्यावर वरची ओळ मोकळी सोडायचं ठरलं. वेशीच्या गल्लीला ये-जा मोजणारं प्लगइन मिळालं. लवकर उघडणारं मात्र कुणीच घेईना. देवीचा रथ सावकाशच न्यायचा असतो. घाई केली म्हणून उद्या कोण बोल लावून घेणार?

दिव्याचा मान मधल्या गल्लीचा. तिथल्या परशराम अण्णाला दीपंकरच्या यादीत नसलेलं एक प्लगइन स्वतःच्या पुतण्याच्या मोबाइलवर सापडलं. आपण लिहिलेलं लोकांना नेटवर सापडेल की नाही, ते लाल-हिरवा दिवा लावून सांगतं. नीलमनं लिहिलं होतं, 'आमची सकाळची गाडी बंद करू नये.' दिवा लाल. परशराम अण्णा रोज एक शब्द बदलत गेला. 'बंद' काढला, 'गाडी' काढली, 'निसर्गरम्य' घातला आणि दिवा हिरवा झाला. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, हे वाक्य तेवढं राहू दिलं. 'शिक्षण' दिव्याला आवडतं.

महिना संपत आला, तेव्हा ब्लॉग उघडेनासा झाला. नुसतं गोल चाक फिरत राही. दीपंकर पुन्हा आला, बघितलं आणि म्हणाला, ओझं झालंय, निदान एक तरी काढायला पाहिजे. नकलेचं एक काढू का, असं विचारताच खालची गल्ली उठून उभी राहिली.

कोणतं काढायचं, हे क्रमानं बघितलं गेलं. सहा प्लगइनांना सहा गल्ल्या होत्या. सह्यांच्या प्लगइनला गल्ली नव्हती. ते दीपंकरनं आपल्या मनानं जोडलेलं. त्याची म्हणून गल्ली धरावी तर आंबेडकर गल्लीला यात्रेत मान नाही. यात जातीचा काहीएक संबंध नव्हता. तसं ठरावात लिहूनच ठेवलं आहे.

नीलम दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आप्पा, सह्यांसाठीच तर ब्लॉग काढलाय."

"सह्या काय गं, मागनं बी घेता येतात," मारुतीराव प्रेमानं म्हणाले. "मान एकदा गेला की परत येत न्हाय."

"आणि गाडी?"

"गाडीचं डेपोवाले बघतील. त्यांचंच काम हाय ते."

दीपंकरनं माऊस पुढं सरकवला. "माझ्या हातानं न्हाय व्हायचं. तुम्ही काढा."

माऊसवर पहिला हात कुणाचा, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी पाटील गल्लीचा हात खाली, त्यावर क्रमानं बाकीचे पाच, अशी बोटं एकावर एक ठेवून ते प्लगइन काढलं. ब्लॉग उघडला. नारळ फोडला. पेढे आंबेडकर गल्लीतही पाठवले. वाटपात कमिटीनं कधी भेद केलेला नाही.

ब्लॉग गाजला. आत येणाऱ्याला पाटील गल्लीचं प्लगइन आधी अडवतं, नऊ चित्रं दाखवतं आणि ज्यात बस दिसते ती चित्रं निवडायला सांगतं. लोक बरोबर निवडतात. महिनाअखेरीला डेपोनं कळवलं की ऑनलाइन एकही सही न दिसल्यामुळं गावाला गाडीची गरज नसल्याचं सिद्ध झालं आहे. गाडी बंद झाली. एवढा स्वच्छ निकाल आमच्या गावच्या कुठल्याच प्रकरणाचा लागला नव्हता.

नीलम आता घरात काजू सोलते. टरफलाच्या चिकानं तिची बोटं काळी पडली आहेत. दीपंकर फोन उचलत नाही. मोठा झाला की माणूस गावाला विसरतो, असं कमिटीचं मत आहे.

वेशीच्या गल्लीच्या आकड्यांप्रमाणं ब्लॉग हजारो लोकांनी वाचला. पुण्याहून, वडगावातून, दुबईहून प्रतिक्रिया आल्या. 'आपलं गाव, आपला अभिमान.' 'डोळे पाणावले.' 'मुली शिकल्याच पाहिजेत.' सगळं वाचलं, अंगठे मोजले. ती मुलगी शिकत काय होती, हे मात्र एकानंही विचारलेलं नाही.

तुम्हीही इथवर आलात.