गेमवाल्याशी काडीमोड

जेवणाचा डबा हातात देताना जयमालाबाईंनी नवऱ्याला रोजचाच सवाल केला, "आज तरी सांगनार हाय का त्याला?"

"आज सांगतोच," उत्तमराव म्हणाले आणि एवढं बोलूनच दमले.

सांगायचं होतं संगमनेरच्या महेंद्रला. उत्तमरावांचा नगरजवळ नागापूरला बारकासा कारखाना. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम तिथं तयार होत. त्यात घालायच्या कॅसेटी, म्हणजे खरा खेळ, महेंद्र बनवायचा. उसाची ट्रॉली खड्डे चुकवत फॅक्टरीपर्यंत न्यायचा त्याचा पहिला गेम पोरांनी असा काही डोक्यावर घेतला, की लोक दुकानात व्हिडिओ गेम मागतच नसत, 'ट्रॉली' मागत. पण दुसरा गेम काही केल्या पुरा होईना. गेली दिवाळी हुकली, उन्हाळ्याची सुट्टी हुकली. ही दिवाळीही हुकली तर कारखान्याला कुलूप, हे उत्तमरावांना स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्यांनी पुण्याच्या एका नव्या कंपनीला दिवाळीच्या कॅसेटींची ऑर्डर देऊन टाकली होती. आता राहिला होता फक्त महेंद्रशी काडीमोड, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

सांगायला गेले, त्या पहिल्या खेपेला महेंद्रच्या आईनं, कलाबाईंनी, मासवड्या केल्या होत्या. त्या खाऊन वर पोराला 'चालता हो' म्हणायचं, हे काही माणसाचं लक्षण नव्हे. दुसऱ्या खेपेला महेंद्रनं अर्धामुर्धा नवा गेम लावून दाखवला. पडद्यावर एक मिशीवाला, ढेरपोट्या गडी सायकलवरून कोंबड्या चुकवत चालला होता.

"दादा, हीरो तुमीच!" महेंद्र म्हणाला.

आता काय बोलणार, कप्पाळ! उत्तमराव परतीच्या एसटीत बसले.

त्याच आठवड्यात पुण्याच्या कंपनीच्या साहेबांनी फोनवर सहज विचारलं, "जुना गेमवाला का सोडताय?" उत्तमरावांचं मन आधीच त्यांना खात होतं. माणसाच्या पाठीमागं वाईट कशाला बोला? उशिराचं त्यांनी अक्षर काढलं नाही.

"पोरगा सोनं हाय, साहेब. संगमनेरचा महेंद्र म्हनून कुनालाबी इचारा. असलं डोकं जिल्ह्यात न्हाई. आमचंच जमंना." एवढं कौतुक केल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं.

"तुमच्याच्यानं काय व्हायचं न्हाई," म्हणत तिसऱ्या खेपेला जयमालाबाई पदर खोचून बरोबर गेल्या. पडद्यावर हीरोच्या मागून जेवणाचा डबा घेऊन पळणारी बाई दिसली आणि त्या थबकल्या.

"ही मी व्हय?"

"व्हय, वहिनी."

"एवढी जाड? आन् साडी असली मळकट? हिरवी कर. काठाची."

झालं! गेम आणखी लांबला. जयमालाबाईंना महेंद्रला काढायचंही होतं आणि काढायच्या आधी हिरवी साडीही बघायची होती. असल्या संसारात माणसानं निर्णय घ्यायचे तरी कसे!

आज मात्र उत्तमराव दारातूनच बोलायचं ठरवून आले. "जय भीम, दादा," म्हणत महेंद्र पुढं आला. आत कलाबाईंनी स्टोव्ह पेटवला होता.

"मावशी, चहा नको. आधी बोलू द्या," उत्तमराव म्हणाले. "महेंद्र, आपलं आता थांबवू. तुझी कला मोठी, माझा कारखाना बारका. मी दुसरीकडनं कॅसेटी घेनार हाय." पोरावर त्यांचा खरंच जीव होता.

महेंद्रनं आईकडं पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"सुटलो बुवा! दादा, मागच्या खेपेला मीच सांगनार हुतो. वहिनी साडीचं काढून बसल्या, आन् राहूनच गेलं. मला पुन्याला नोकरी लागली."

उत्तमरावांनी त्याला कडकडून मिठी मारली. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. चहा झाला, ताटं वाढली. पहिला घास घेताना उत्तमरावांनी प्रेमानं विचारलं, "कुनाकडं रं?"

"नवी कंपनी हाय, गेमचीच. कुनीतरी साहेबांपाशी माझं लई कौतुक केलं म्हनं. साहेबांनी सगळं काम माझ्यावरच सोपवलंय. नगरची कुनाची तरी दिवाळीची ऑर्डर हाय, पयली तीच घ्यायची."

उत्तमरावांचा घास घशातच अडकला. कलाबाईंनी घाईघाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"दिवाळीची हाय... येळेवर व्हईल न्हवं?" उत्तमरावांनी पाणी पिऊन विचारलं.

"बघू की. घाईत काम बिघडवायचं न्हाई, हे मी साहेबांना पयल्याच दिवशी सांगितलंय. चार दिस पुढं-मागं झालं, तर तो नगरवाला घील समजून. न्हाई का, दादा?"

"घील बाबा," उत्तमराव म्हणाले, "त्याला सवय हाय." आणि मान खाली घालून ते जेवू लागले.