कमानीखालची चार बोटं

आमच्या वाडीतले भास्करराव सगळं जग बोटांनी मोजत. चहा सांगताना, "कपाला दोन बोटं कमी." नळाचं पाणी, "हंड्यात तीन बोटं आलंय." एकदा मी त्यांना मला सांगून आलेल्या मुलीचा फोटो दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तो न्याहाळला आणि म्हणाले, "चांगली आहे. तुझ्यापेक्षा बोटभर उंच भरेल, पण संसाराला अडत नाही." लग्नानंतर मी मुद्दाम तिच्या शेजारी उभा राहून पाहिलं. बोटभरच होती.

असा माणूस शेवटी बोटांच्याच फेऱ्यात सापडला. फोर्टातल्या एका कचेरीत ते हेडक्लार्क. तिथला गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली जुनी मोटार त्यांच्या गळ्यात घालून गेला. मोटार कसली, उभं कपाट! गिरगावातल्या आमच्या वाडीच्या तोंडाशी दगडी कमान होती, आणि गाडीचा टप तिला अडायचा. किती? भास्कररावांनी हात लावून सांगितलं, "चार बोटं." घरमालक कमानीचा एक चिरा हलवू देईना. राहता राहिला एकच उपाय, गाडीच बुटकी करायची.

"रस्त्यावर उभी राहिली तर काय बिघडलं?" मी विचारलं.

"दगड पडतात रे."

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा लाठीमार. त्यामुळे उत्तर पटण्यासारखं होतं. पण पुढच्याच आठवड्यात खरोखरच एका दगडानं गाडीचा दिवा फुटला, तर भास्कररावांनी काचा शांतपणे झाडून टाकल्या आणि पुन्हा कमानीला बोटं लावत बसले. म्हणजे दगडांची भीती नव्हती. मग गाडी आत आणायचा एवढा ध्यास कशाला? त्यांचं घर वाडीच्या पार टोकाला, तळमजल्यावर. घरात ते आणि वहिनी, दोघंच. वहिनींना संधिवात, गेल्या तीन वर्षांत त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या नव्हत्या. मला काही केल्या उलगडा होईना.

लालबागहून धोंडू मेस्त्री आला. गाडीखाली सरपटत जाऊन त्यानं पाहिलं. प्रत्येक चाकावर पोलादी पट्ट्यांची चळत असते, तिला पाटे म्हणतात. त्यातले काढले की गाडी खाली बसते.

"सायबानू," तो खालूनच म्हणाला, "पाटो काढलो तर तुमचो मणको जागेर रवाचो नाय."

"मणक्याचं मी बघतो. तू पाट्याचं बघ."

मेस्त्रीची मजुरी पगाराच्या दिवशीच परवडायची, म्हणून ठरलं, एका पगाराला एक चाक. पहिल्या महिन्यात गाडी डावीकडे कलली. दुसऱ्या महिन्यात नमस्काराला वाकल्यासारखी दिसू लागली. तिसऱ्या महिन्यात तर ती नेमकी कुठे कलली आहे, यावर वाडीत दोन तट पडले. भास्करराव मात्र त्याच थाटात तीतून कचेरीला जात, संध्याकाळी कंबर धरून उतरत.

आमचा बंडू पेंटर मोर्च्याचे फलक रंगवता रंगवता ओरडायचा, "भास्करराव, आधी काय होणार? महाराष्ट्र की तुमची गाडी आत?"

"दोन्ही होणार. थोडक्यात अडलंय."

एकदा बंडूनंच शक्कल काढली. आम्ही सात जण गाडीत कोंबून बसलो. वजनानं गाडी दबली आणि कमानीखालून अलगद आत आली! आम्ही टाळ्या पिटल्या. भास्करराव मात्र खट्टू झाले. "सात जण बसल्यावर आत जागा कुठे राहते?"

"कोणाला?" मी विचारलं.

त्यांनी नाक खाजवलं आणि आम्हाला तसेच बसवून गाडी मागे नेली.

चौथ्या पगाराच्या रविवारी शेवटचा पाटा निघाला. टपाचा थोडा रंग कमानीला देऊन गाडी आत आली. आम्ही जयजयकार केला. भास्करराव हसलेसुद्धा नाहीत. सरळ वाडीच्या टोकाला जाऊन त्यांनी गाडी आपल्या उंबऱ्याला चिकटवून उभी केली आणि घराचं दार उघडलं. आत खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. नवी साडी, वेणी.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन वर्षांपूर्वी त्यांना डॉक्टरकडे न्यायला आम्ही चौघांनी खुर्चीसकट उचलून रस्त्यावरच्या व्हिक्टोरिया घोडागाडीपर्यंत नेलं होतं. सगळी वाडी गॅलरीत. वहिनींनी पदरानं तोंड झाकून घेतलं होतं. परत आल्यावर म्हणाल्या होत्या, "चौघांनी उचलायला मी मेलेय का?" त्यानंतर त्या बाहेर पडल्याच नाहीत. त्या चौघांतला एक मी, आणि मी ते साफ विसरून गेलो होतो. मला माझीच लाज वाटली.

"मंडळी," भास्करराव चाचरत म्हणाले, "जरा... तोंडं फिरवता का?"

वाडीनं तोंडं फिरवली. गॅलरीतल्या बायकासुद्धा आत वळल्या. धोंडू मेस्त्री, बंडू, मी, भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभे. मागे पाय फरफटल्याचा आवाज. "हळू." "अहो, तुम्ही आधी तुमची कंबर सांभाळा." मग गाडीचं दार लागलं.

"कुठे जायचं?" भास्कररावांनी विचारलं.

"प्रभादेवीला. आईकडे."

गाडी निघाली, कमानीखाली खरवडली, रस्त्याला लागली.

"गेली का रे?" भिंतीला नाक लावून उभ्या असलेल्या बंडूनं हळूच विचारलं.

गाडी केव्हाच गेली होती.

"अजून नाही," मी म्हटलं. डोळे पुसायला मला थोडा वेळ हवा होता.